पिंपावरचं नाव

पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस लागली, की मंगळवार पेठेत एकच प्रश्न फिरायला लागतो : यंदा काय देणार? नफा किती झाला, कर्ज कुणाला दिलं, कुणाला नाकारलं, हे विचारायला कुणाला सवड नसते. गेल्या वर्षी कढई होती, त्याच्या आधी डबा. यंदा तरी जरा दणकट काहीतरी द्या, असं सांगायला लोक संचालकाला चहाच्या टपरीवर गाठतात. ज्यांच्या घरात एखाद्या पतसंस्थेचं सभासदत्व आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन हजार दोन सालच्या श्रावणात या पेठेतल्या एका पतसंस्थेचं संचालक मंडळ बसलं होतं. शिवांजली तोडकर त्या खोलीत पहिल्यांदाच संचालक म्हणून आली होती. संस्था तिच्या वडिलांनी, शिवमूर्ती अप्पा तोडकरांनी काढलेली. चैत्रात ते गेले आणि रिकाम्या जागेवर मंडळानं तिला घेतलं. ती एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. व्यवहारातलं आपल्याला काय कळतं, असं तिला वाटत होतं. खुर्ची अप्पांचीच होती. पाठ टेकायला मन घेईना, म्हणून ती पुढं सरकून बसली होती.

अध्यक्ष होता तिचा चुलतभाऊ रुद्रेश. भुसाराचा मोठा व्यापारी, आवाज मोठा आणि मनानं वाईट नाही.

"यंदा पिंप द्यायचं," त्यानं जाहीर केलं. "पाण्याचं, तोटीचं, जाड पत्र्याचं. आणि त्यावर नाव घालायचं : लिंगैक्य शिवमूर्ती तोडकर यांच्या स्मरणार्थ. पेठेतल्या घराघरात काकांचं नाव राहील. काय म्हणतीस, शिवांजली?"

शिवांजलीनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गाळ्याची पाटी तिनं दोनदा वाचली.

"चालेल, अण्णा," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर कारकुनाचा आवाज चढला. "पावणं, आत मीटिंग चालू हाय. सोमवारी या म्हणून सांगितलं न्हवं?"

"सोमवारी बी आलतो की! तवा तू म्हणलास शुक्रवारी या," एका बाईनं तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं. "आता आत तरी जाऊ दे, न्हायतर तूच अध्यक्ष हो!"

आत आली ती सोनूबाई. राजारामपुरीत क्लाससाठी आलेली पोरं ज्या खानावळीत जेवतात, तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि तिच्या गल्लीतल्या दहाबारा बायका चुलीवर भाकरी थापत. शेजारी नवा दवाखाना झाला होता. डॉक्टरांनी धुराची तक्रार केली आणि खानावळवाल्यानं सांगून टाकलं : दसऱ्यापर्यंत गॅस आणा, नाहीतर भाकरीचं काम दुसऱ्याला.

"मोठ्या शेगड्या, तवं, परात," सोनूबाई म्हणाली. "तेवढं कर्ज द्या. हप्ता चुकवायचो न्हाय."

"जामीनदार?" रुद्रेशनं विचारलं. "दोन पायजेत. पगारदार."

"आमच्या गल्लीत पगार रोजचा असतोय, साहेब. त्यो चालंल काय?"

एकदोन संचालक हसले. रुद्रेशही हसला, पण त्यानं मान हलवली. "नियम हाय, मावशी. आणि खरं सांगायचं तर संस्थेकडं एवढा पैसा मोकळा न्हाय. बुडालं तर कुणाच्या डोक्यावर?"

पदर सारखा करून सोनूबाई वळली. दारात थांबून म्हणाली, "तोडकर अप्पा असतं तर बसा तरी म्हणलं असतं."

शिवांजली खुर्चीत आणखी पुढं सरकली. आपणही म्हटलं नव्हतं!

कोपऱ्यात गणपती कांबळे बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद, आता संचालक आणि अप्पांचे जिवाभावाचे मित्र. एवढा वेळ ते चष्मा पुसत होते.

"रुद्रेश, एक सांग," ते म्हणाले. "ही बाई आपल्याकडं रोज पिग्मी भरती. किती वर्सं झाली?"

"असतील की बरीच."

"तिच्या सगळ्या मैत्रिणी भरत्यात. ते पैसे आपण कुणाला देतोय? तुझ्या गोडाऊनला दिलं. गेल्या साली बाळासोच्या मोटारीला दिलं. त्यांचा पैसा आत घेताना चालतोय, त्यास्नी आत घ्यायचं म्हणलं की त्या पावणं! माणूस घरात इतकी वर्सं येतंय, तरी पावणंच व्हय?"

"काका, ही धर्मादाय संस्था न्हवं."

"धर्म कोण मागतंय? कर्ज मागितलंय, व्याजासकट."

"मग पैसा कुठनं आणू? झाडाला लागतोय?"

"झाडाला न्हाय, पिंपाला लागलाय," कांबळे शांतपणे म्हणाले. "दरसाल भांड्याला जेवढं घालतोस, तेवढं बाजूला ठेव. वाटू नको, नुसतं ठेव. त्याला हमी निधी म्हण. एखादीचा हप्ता थकला तर त्यातनं भर. पगारदार जामीन नसू दे, त्या बायका एकमेकींना जामीन राहतील. गल्लीत तोंड दाखवायचं असतंय, त्यापेक्षा मोठा जामीन कुठला? जिल्ह्याच्या बँका बचत गटास्नी पैसा देतात. आपण एकदा तरी विचारायला गेलतो काय? आणि माझ्यासारखं पेन्शनर बसून हायत. आठवड्याला गल्लीत जाऊन हिशेब शिकवू. आमास्नी पगार नको, चहा दे. पैका न्हाय असं म्हणू नको, लेका. पैका हाय, त्याला वाट न्हाय."

मग रुद्रेश हळू आवाजात म्हणाला, "आणि शिवमूर्ती काकांचं नाव?"

सगळ्यांनी शिवांजलीकडं पाहिलं. तिनं पुन्हा समोरची पाटी वाचायला घेतली, आणि निर्णय तसाच राहिला.

रुद्रेशनं आधीच सांगून ठेवलेलं नमुन्याचं पिंप दुकानदारानं संध्याकाळी घरीच पाठवलं. पोटावर गोल अक्षरांत अप्पांचं नाव होतं. शिवांजलीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नवी होती ती. बोटाला टोचत होती.

"कुठं ठेवू हे?" तिनं आईला विचारलं.

"माळ्यावर. बाकीची हायत तिथंच," बसव्वा म्हणाल्या.

शिवांजली स्टुलावर चढली. माळ्यावर पूर्वीची सगळी भांडी ओळीनं उभी होती. डबे, कळशी, ताटं, कढई. काहींवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. प्रत्येकावर संस्थेचं नाव, काल घातल्यासारखं ठसठशीत.

"अव्वा, यातलं एकही वापरलं नाहीस?"

"घरात भांडी कमी होती होय? शेजारी विचार जा, सगळ्यांच्या माळ्यावर हेच."

"अप्पांना कधी सांगितलं नाहीस?"

बसव्वा हसल्या. अप्पा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. "त्यांनीच तर सुरू केलं हे. पहिल्या वर्षी सभेला माणूसच येईना. मग दवंडी दिली, येईल त्याला तांब्या. लोटली की गर्दी! पुढं तेच म्हणायचे, बसव्वा, माणसं जमवायला तांब्या काढला, आता माणसं तांब्यालाच येत्यात. पण बंद करायचं धाडस त्यांना झालं न्हाय. कोण वाईटपणा घेणार?"

शिवांजली स्टुलावर तशीच उभी राहिली. गेले चार महिने ती अप्पांच्या चुका विसरत आली होती. मेलेल्या माणसाच्या बाबतीत ते किती सोपं असतं! आता तिच्यासमोर त्यांची एक चूक होती, आणि ती कुणीतरी पुरी करायची राहिली होती किंवा दुरुस्त करायची.

"पहिला तांब्या कुठं आहे?"

बसव्वांनी देव्हाऱ्याजवळच्या तांब्याकडं बोट दाखवलं. रोज तोंडाला लावायचा तोच. शिवांजलीनं तो हातात घेऊन उजेडात फिरवला.

"यावर नाव नाही."

"होतं की. रोज घासून गेलं." बसव्वांनी तो तिच्या हातातून घेतला, पाणी ओतून दिलं. "वापरातल्या भांड्याचं नाव झिजतं, बाळ. माळ्यावरच्याचं राहतं. तुला तुझ्या अप्पांचं कुठं ठेवायचंय, ते तू बघ."

वार्षिक सभा भरली तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपाची बातमी आधीच पसरली होती. काहीजण पिशव्या घेऊन आले होते. रुद्रेशनं अहवाल वाचला, तो कुणी ऐकला नाही. मग तो म्हणाला, "भेटवस्तूबद्दल शिवांजली बोलंल," आणि पटकन खाली बसला.

शिवांजली उभी राहिली. तिनं तांब्याची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. अप्पांचा दोष झाकला नाही. मग सोनूबाईच्या शेडबद्दल सांगितलं, आणि कांबळे काकांनी सुचवलेल्या हमी निधीबद्दल. शेवटी म्हणाली, "माझ्या वडिलांचं नाव पिंपावर घालू नका, एवढं मागायला उभी आहे. त्या पैशाचा निधी करा. त्याला नाव दिलं नाही तरी चालेल."

मग मागून बाळासोचा आवाज आला. मोटारवाला बाळासो, तोच. "ते समदं खरं, अक्का. पर पिंप मिळणार हाय का न्हाय, तेवढं सांगा की!"

हशा पिकला. कांबळे उठले.

"बाळासो, तुझं बरोबर हाय. हक्काचं हाय, सोडू नको. तर मंडळी, सोनूबाईची चूल विझू दे, पर आमास्नी पिंप पायजे, असं ज्याला ज्याला वाटतंय, त्यानं हात वर करा. लाजू नका!"

एक हात वर गेला. बाळासोचाच. त्यानं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि तोच हात डोक्यावर नेऊन टाळू खाजवायला लागला.

असा हशा त्या हॉलनं कधी ऐकला नसेल! त्या हशातच रुद्रेश उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मंडळी, मी त्या बाईला पैसा न्हाय म्हणून सांगितलं. खोटं बोललो मी! पैसा होता, मला बघायचा न्हवता. माझ्या घरची एक ठेव मी आजपासून बिनव्याजी या निधीत ठेवतोय. कुणी जोडीला येतंय का?"

हात वर झाले. सगळे नव्हेत, काहीजण पिशवीची घडी घालून पुटपुटत निघूनही गेले. पण जेवढे वर झाले तेवढे पुरले. दसऱ्याच्या आधी सोनूबाई आणि तिच्या मैत्रिणी संस्थेच्या सभासद झाल्या, एकमेकींना जामीन राहिल्या, आणि शेडमध्ये गॅस पेटला. सह्या करायला त्या आल्या, त्या दिवशी कारकुनानं त्यांना पावणं म्हटलं नाही. खुर्च्या कमी पडल्या म्हणून अध्यक्षाची खुर्ची बाहेर आणून ठेवली.

दोन वर्षांनी शिवांजली राजारामपुरीत पुस्तकं बांधून घ्यायला गेली होती, तेव्हा त्या शेडकडं वळली. आता तिथं भाकरीबरोबर डबेही भरले जात होते. मधला एक हप्ता थकला होता. पावसात खानावळ बंद राहिली तेव्हा. तो निधीतून भरला गेला आणि बायकांनी पुढं फेडूनही टाकला.

"या की, ताई! बसा," सोनूबाई म्हणाली आणि काही लपवून ठेवल्यासारखी ओशाळली. पुढ्यातली मोठी परात तिनं पिठाच्या हातानं फिरवून दाखवली. "तुमास्नी सांगितलं न्हाय कधी. पहिली परात घेतली तवा आमीच हितं तोडकर अप्पांचं नाव घालून घेतलतं. आता बगा, दिसंना झालंय. रोज घासतो न्हवं. नाव घालणारा उद्या येतोय बाजारात, परत घालून घेतो."

शिवांजली खाली वाकली. परातीच्या काठावर एक 'शि' पुसटसा उरला होता. बाकीचं गुळगुळीत झालं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. टोचलं नाही.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "असंच राहू दे."

मग ती पाठ टेकून बसली, आणि गरम भाकरी खाल्ली.

वाचकहो, तुमच्याही पेठेत, गावात अशी एखादी संस्था असेल. गरिबाला द्यायला आमच्याकडं काही नाही, असं तिथं कुणी म्हणालं, तर एकदा घरी जाऊन आपल्या माळ्यावर बघा. संस्थेची साधनं तिजोरीतच असतात असं नाही. आपण वापराविना ठेवलेल्या हक्कांत, निवृत्तांच्या मोकळ्या दुपारींत आणि शेजाऱ्यावरच्या विश्वासातही ती असतात. सहकार म्हणजे ती खाली काढून वापरात आणणं. आपल्या माणसांची नावंही तशीच वापरात असावीत. झिजली तरी चालतील.