चारकोपची पिवळी रिंग

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी रिंग आहे. तीच, कमरेभोवती गरगर फिरवायची. माझा जन्म चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला. प्लास्टिकची लांब नळी वाकवली, दोन टोकं जोडली, की झाले मी गोल. तिथून शाळेत आले आणि काय दिवस होते ते यार. पीटीच्या तासाला मुलं भांडायची, "मला पिवळीच पाहिजे."

मग माझा जोड सुटला. चिकटपट्टी लावली, परत सुटला. झालं, मी कपाटामागे, पालींच्या शेजारी. सोमवारी पीटीचे राजाराम सर म्हणाले, "ही आज भंगारात." माझी तर वाटच लागली.

पण सातवीच्या अनुपमा मिसना दोन रिंगा हव्या होत्या. "एक तास द्या सर, मग न्या."

मिसनी मला आणि एका निळ्या रिंगेला वर्गात जमिनीवर ठेवलं, थोडं एकमेकींवर चढवून. निळी म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची, मॉरिशसच्या ऊसमळ्यावरची मजुरांची वस्ती. आपल्या कोकणातली माणसंसुद्धा बोटीने तिथे राबायला गेली होती. मी म्हणजे आजचं चारकोप. आणि मधल्या जागेत, दोन्हीकडे सारखं असेल ते.

मुलं एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून टाकायला लागली. 'ओळीने खोल्या' मधल्या जागेत. 'गावची आठवण' पण मधल्या जागेत. सुयोगने 'जाखडी' फक्त माझ्यात टाकली, कारण तो काकाच्या मंडळात जाखडी नाचतो.

मिस म्हणाल्या, "अरे, तिथले मराठी लोक पण जाखडी नाचतात."

सुयोग उडालाच. "पायात चाळ बांधून, मिस?"

चिठ्ठी मध्ये सरकली. मग काय, तो सुटलाच. सगळंच मध्ये टाकायला लागला. 'गेटवर पहारा' पण मध्ये.

"ए, ती उचल," जान्हवी म्हणाली.

"का? आमच्या सोसायटीला पण गेट आहे. वॉचमन आहे."

"तो बाहेरच्यांना अडवतो रे. तू दूध आणायला निघालास तर तुला अडवतो का?"

"मला? तो झोपलेला असतो गं."

सगळा वर्ग हसला. जान्हवी मात्र हटली नाही. "मळ्यातून न विचारता बाहेर पडलं तर पकडून आणायचे, मिसनी आत्ताच सांगितलं ना. मग सेम कसं?"

सुयोगने डोकं खाजवलं आणि चिठ्ठी निळीत ठेवली.

तेवढ्यात राजाराम सर दारात. "झाला तास?"

मी गारच पडले. मिस माझी टोकं जुळवायला वाकल्या, तर जान्हवी म्हणाली, "मिस, जोडू नका ना. आपली अशीच हवी. आपल्याला बाहेर पडता येतं. त्यांची बंद, आपली उघडी."

सर खाली वाकले. माझ्याकडे बघितलं, निळीकडे बघितलं.

"मला वाटलं मोडलीय," ते म्हणाले आणि रिकाम्या हाताने परत गेले.

आता मी सातवीच्या भिंतीवर असते, झकास, आणि असा तास असला की खाली उतरते. तर मित्रांनो, कोणी म्हटलं ना की तेव्हाचे लोक आणि आपण सेम टू सेम, तर आधी विचारा, त्यांना हवं तेव्हा निघता यायचं का? आणि मला खिळ्याला अडकवताना जरा हळू हात लावा. अजून कितीतरी वस्त्या पोटात घ्यायच्या आहेत मला.