मुनव्वरची शिडी

शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक.

टीव्हीच्या कारखान्याच्या फाटकावर आता फ्लॅटच्या बुकिंगची पाटी.

सीडीवरच्या एका जुन्या मैफलीत बाई अगदी हलक्या सुरात गात असताना समोरच्या कुणीतरी कपबशी खाली ठेवली.

खराडीच्या ऑफिसात ज्ञानदेवचा डेव्ह झालेला. घरी अहो.

शहजादीला घरघंटी हवी आहे. खिडकीपाशी.

खिडकीपाशी तिच्या नवऱ्याचं, मुनव्वरचं टेबल होतं, आणि पंचाईत तिथेच होती.

मुनव्वर आणि ज्ञानदेव एकेकाळी त्या कारखान्यात शेजारी शेजारी बसून टीव्ही तपासायचे. परदेशी कंपन्या आल्या, कारखान्याला कुलूप लागलं. ज्ञानदेव कॉम्प्युटरचा कोर्स करून खराडीत चिकटला. मुनव्वरने व्हीआरएस घेतली आणि बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत हे टेबल मांडलं. त्या टेबलापाशी दोघांचा रविवार जायचा. ज्ञानदेवला नावाने हाक मारणारा माणूस जगात एवढा एकच उरला होता.

वर्षभर खपून मुनव्वरने एक कन्व्हर्टर बनवला होता. सीडीवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्यांची पुन्हा वीज करावी तेव्हा स्पीकर बोलतो. मुनव्वरची रीत वाण्याच्या तराजूची. शेराच्या निम्मं अच्छेर, त्याच्या निम्मं पावशेर, अशी रेझिस्टरची उतरती शिडी. आकडा आला की लागतील तेवढी वजनं एकदम टाकायची. गोम एवढीच, की शेरात केसभर खोट असली तरी ती छटाकाला गिळून टाकते.

ज्ञानदेवचा कन्व्हर्टरचा डबा महागडा, सहकाऱ्याने अमेरिकेहून आणलेला. त्यातल्या चिपकडे वजन एकच, चिमूटभर. ते ती सेकंदाला लाखो वेळा टाकते, काढते, झालेली चूक लक्षात ठेवून पुढच्या खेपेला भरून काढते आणि शेवटी सगळं गाळून सारखं करते.

"चिमटीने धान्य मोजतो तुझा डबा," मुनव्वर म्हणायचा.

"आणि तू वर्षभर वजनंच घासतोयस. धान्य कधी देणार?"

महिनोन् महिने हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी शहजादी मटार सोलता सोलता म्हणाली, "डोळे बांधून ऐका ना एकदा. यांचा डबा हरला तर टेबल उचलायचं. घरघंटी आली की निदान पीठ तरी मिळेल."

"कबूल," मुनव्वर म्हणाला. "पण ऐकणार ज्ञानदेव. मला माझाच गोड वाटणार."

ज्ञानदेवने मनातल्या मनात हिशेब केला. टेबल गेलं की रविवार गेला.

दोन्ही डब्यांचे आवाज मुनव्वरने मीटर लावून सारखे केले. किंचित चढा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो, हे दोघांनाही कारखान्यापासून ठाऊक. मग तो दूध आणायला खाली उतरला. शहजादी आत होती. ज्ञानदेवने मुनव्वरच्या डब्याचं आवाजाचं बटण हळूच पुढे सरकवलं. चढा असेल तो मुनव्वरचा. तो ओळखायचा आणि जिंकवायचा. झालं.

चहा झाला. शहजादीने ज्ञानदेवच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि डबा बदलायचा खटका हातात घेतला.

"हे पहिलं."

बाई गायल्या. तानपुरे, आलाप, कपबशी.

"हे दुसरं."

तेच तानपुरे, तोच आलाप. आणि आवाज तेवढाच! तसूभरही कमी-जास्त नाही.

"परत लावा भाभी."

परत लावलं. परत तेच.

"भाईसाहेब, मुलगी बघायला आलायत का? ठरवा की आता."

खोटं बोलायचं तरी कुणाच्या बाजूने, तेच कळेना. मग दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून ज्ञानदेवने ऐकलं. खरोखर ऐकलं. पहिल्यात कपबशी वाजली, इतकंच. दुसऱ्यात ती सतरंजीवर टेकली. ठेवणाऱ्याने बाईंचा सूर मोडू नये म्हणून हात आखडता घेतलेलाही कळला.

"दुसरं," तो म्हणाला.

ओढणी सुटली. दुसरा डबा त्याचा स्वतःचा होता.

ज्ञानदेव टेबलाकडे बघेना.

"कशावरून ओळखलंस?" मुनव्वरने विचारलं.

"कपबशी."

"माझ्यात काय झालं तिला?"

"ठेवताना जरा खरखरली. बाईंचा मोठा आवाज मात्र झकास होता, देवाशप्पथ."

मुनव्वर खुर्चीतून उठलाच. "म्हणजे शेरातच खोट आहे! अरे, आवाज अगदी हलका असला ना, की आकडा मधल्या रेषेपाशीच हेलकावतो. शेर उचल, बाकीची सगळी ठेव, पुन्हा बाकीची उचल, शेर ठेव, असंच चालतं सारखं. शिडीची वरची, शेराची पायरी पुन्हा निवडायला हवी." सोल्डरिंगची बत्ती त्याने तेवढ्यात तापायला लावलीसुद्धा.

"आणि टेबल?" शहजादीने विचारलं.

"उचलतो ना. ही बत्ती थंड झाली की लगेच."

"ती कयामतपर्यंत थंड होत नाही." तिने मटारची साल ताटलीत टाकली. "भाईसाहेब, ती मापाची टेप द्या जरा. गॅलरीत बसते का बघते घरघंटी."

ज्ञानदेवने टेपचं दुसरं टोक धरलं. गॅलरीत झाडाची एक कुंडी हलवली तर बसत होती.

निघताना मुनव्वर जिन्यापर्यंत आला. "पुढच्या रविवारी ये, ज्ञानदेवा. पण हात खिशात ठेवून ये."

चहाचा ट्रे आणायला ज्ञानदेव आत गेला होता, तेव्हा मुनव्वरने दुसऱ्यांदा मीटर लावला होता आणि बटण मागे सरकवून जागेवर आणलं होतं.