फूल आलं की कळव

मी कांदा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर कपडे शिवायला आलेल्या तीन गिऱ्हाइकांनी मला कांदा म्हटलंय आणि एकीनं तर "मोड आलेत, भाजीत घालून टाका" असा सल्लाही दिलाय. मी अमरिलिसचा कंद बोलतोय. निम्मा मातीत आणि निम्मा वर, असा कुंडीत बसलेला असतो. कर्ण्याएवढी मोठी लाल फुलं माझ्या पोटात असतात. ती कधी बाहेर काढायची, एवढंच काय ते माझ्या हातात. आणि तेही पुरतं माझ्या हातात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म ताईच्या खिडकीत झाला. ताई हॉस्पिटलात नर्स होती. माझी आई तिच्या खिडकीतल्या कुंडीत राहायची आणि मी तिच्या कुशीला चिकटून वाढलो. ताईचा हात शिस्तीचा. पानं पिवळी पडली की ती कुंडी उचलून कपाटाखालच्या अंधारात सरकवायची आणि दोन महिने पाण्याचा थेंब द्यायची नाही. मी कुरकुर करायचो. माझी आई म्हणायची, गप नीज, तहान सोसल्याशिवाय आपल्यात फूल उतरत नाही. दोन महिन्यांनी कुंडी उजेडात यायची आणि महिन्याभरात आईच्या मानेतून जाडजूड दांडा वर निघायचा. थंडीच्या दिवसांत, दर वर्षी, न चुकता.

त्याच खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर ताईची म्हातारी आई असायची. तिची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी तिला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. त्यासाठी ताईनं एक स्टीलचा छोटा पेला ठेवला होता, आतून कानशीनं रेघ मारलेला. त्या रेघेपर्यंत पाणी, दिवसातून ठरावीक वेळा. म्हातारी मागायची. ताई म्हणायची, "आता नाही, चार वाजता." मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि तिथेच उभी राहायची. नळाचा आवाज काय झाकण्यासाठी असतो ते मला कुंडीत बसूनही कळायचं.

धाकटी बहीण सुटीच्या दिवशी यायची. ती कपडे शिवायची. पन्नाशी आली तरी ताईच्या तोंडी ती चिमीच होती, म्हणून मीही चिमीच म्हणतो. तिला कुणाची तहान बघवत नसे. एकदा ताई कामावर असताना म्हातारीनं हात धरला, तशी चिमीनं तिला दोन ग्लास पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत म्हातारीला धाप लागली आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं. ताई चिमीला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

पुढे सहा महिन्यांनी म्हातारी गेली. माणसं भेटायला आली होती, खोली भरलेली होती, आणि त्या भरल्या खोलीत चिमी म्हणाली, "आई तहानलेली गेली. तू तिला घोटभर पाणी दिलं नाहीस."

ताई पेला पुसत होती. ती पुसतच राहिली.

त्यानंतर दीड वर्ष चिमी त्या घरी आली नाही. ताईनंही बोलावलं नाही. मग एका दुपारी ताईनं मला माझ्या आईपासून अलगद सोडवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन चिमीच्या घरी आणलं.

चिमी एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर, रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या आणि बराच वेळ हवापाण्यावर बोलल्या. उठता उठता ताईनं मला मशीनवर ठेवलं आणि सांगितलं, "पानं पिवळी पडली की दोन महिने पाणी बंद. अंधारात ठेव. कितीही दया आली तरी एक थेंब नको." चिमीचा चेहरा उतरला. ताई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "फूल आलं की कळव. मी येईन बघायला."

मी दोघींना ओळखतो. ताईला सांगायचं होतं ते असं, की पाणी न देणं म्हणजे माया नसणं नव्हे. हे तिला सरळ सांगता येत नव्हतं, म्हणून तिनं मला पुढे केलं. चिमीला मात्र तो टोमणा वाटला. ताई जिना उतरेपर्यंत तिनं झारी भरली आणि मला गळ्यापर्यंत पाणी घातलं.

आणि तिथून रोज. सकाळी मशीनला तेल आणि मला पाणी, हा तिचा नेम झाला. लोक झारीतल्या शुक्राचार्याला नावं ठेवतात. मला मात्र त्याची फार गरज होती. अति तेथे माती म्हणतात, इथे तर मातीचाही चिखल झाला. तरी मी सडलो नाही, कारण चिमीची माया जशी फार तशी राखणही फार. कुंडी रोज थोडी फिरवायची, म्हणजे मी उजेडाकडे एका बाजूला कलू नये. गळ्यातली मोजपट्टी काढून माझी पानं मोजायची आणि खडूनं चौकटीवर खूण करायची. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप एकदा चुकेल, माझं कधी चुकलं नाही.

पहिली थंडी आली. मला पानंच पानं आली, लांब, हिरवीगार, तुकतुकीत. चिमी मानेपाशी वाकून दांड्याचं टोक शोधायची. एकदा नव्या पानालाच कळी समजून ती केवढी हरखली. खोली आवरली, ताईला आवडतो तसा जाड दांडीचा कप वरच्या फळीवरून काढून धुतला, दोन खुर्च्यांच्या गाद्यांचे अभ्रे नवे शिवले. आठ दिवसांनी ते पान उलगडलं. तिनं कप पुसून परत फळीवर ठेवला.

दुसऱ्या थंडीतही तेच. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ना, ते मी अक्षरशः केलं. मला राग यायचा, पण कुणावर ते कळायचं नाही. खरं सांगायचं तर माझंही चुकत होतं. मिळतंय तर पीत होतो. पोट भरलेलं, ऊन अंगावर, माप घ्यायला माणूस हजर. कष्ट करून फूल काढायची मला गरजच वाटेना. माझ्या आईची शिकवण मी चिमीच्या झारीत बुडवली, असंच म्हणायला हवं.

त्या दुसऱ्या थंडीत चिमीनं एकदा फोन हातात घेतला. नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत असणार, कारण तिचे ओठ हलायला लागले होते. मग तिनं फोन ठेवून दिला आणि मला म्हणाली, "फूल तर नाही आलं. काय सांगून बोलवू?"

बोलाव की बाई, असंच बोलाव. मी पानं हलवली. वाऱ्यानं हलली असं वाटून तिनं खिडकी लावली.

तिसऱ्या वर्षी तिनं मनाचा हिय्या केला. पानं जरा पिवळी पडताच पाणी थांबवलं. एक दिवस, दोन दिवस, तीन. ती मशीनवर बसायची पण शिवण सरळ येईना. चौथ्या दिवशी उसवलं, पाचव्या दिवशी परत उसवलं. मला तहान लागायला लागली होती आणि खोल आत कुठेतरी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काहीतरी घट्ट व्हायला लागलं होतं. अजून थोडं थांब, असं मी मनातून म्हणत होतो. सातव्या दिवशी दुपारी माझं एक पान मान टाकून कुंडीबाहेर लोंबलं. चिमी उठली, झारी घेतली आणि रडत रडत पूर्ण रिकामी केली.

"माझ्या घरात कुणी तहानलेलं राहायचं नाही," ती म्हणाली.

ती मला म्हणत नव्हती, हे कुणीही सांगेल.

चौथं वर्ष. पानं नुकती पिवळी पडू लागली होती. खिडकीची चौकट रंगवायची होती म्हणून चिमीनं मला उचलून आतल्या अडगळीच्या कपाटात ठेवलं, दोन दिवसांपुरतं. रंगारी तासाभरात येणार होता. तेवढ्यात फोन वाजला. कपाटाचं दार बंद असलं तरी आवाज येत होता. ताईची मुलगी बोलत होती, म्हणजे चिमीची भाची. चिमी फक्त "कधी?" आणि "कुठल्या हॉस्पिटलात?" एवढंच म्हणाली. मग कपडे भरल्याचा आवाज, खिडकी लावल्याचा, बाहेरून कुलपाचा.

मी कपाटात राहिलो. झारी नाही, ऊन नाही, मोजपट्टी नाही. माझी पानं वाळून कागद झाली आणि गळली. सुरुवातीला मी चिमीला खूप बोल लावले. नंतर बोलायचं त्राण राहिलं नाही. मी आत आत गेलो आणि तिथे, त्या कोरड्या अंधारात, माझ्या आईनं सांगितलेलं ते घडायला लागलं. मला आनंद झाला, हे कबूल करायला आज लाज वाटते. मी मनात म्हणत होतो, या थंडीत ताई येणार.

दहा आठवड्यांनी दार उघडलं. चिमी समोर उभी होती, केस पांढरे झालेले, हातात एक पिशवी. तिनं पिशवीतून स्टीलचा छोटा पेला काढून मशीनवर ठेवला. आतून रेघ मारलेला. तो पेला इथे का आला, एवढं मला तेव्हाच कळलं.

मग तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या सुकलेल्या मानेतून बोटभर फिकट टोक वर आलं होतं. पान नव्हतं ते. बोथट, जाड, कळीचं टोक होतं. चिमी खाली फरशीवर बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण माणसांनी स्वतःसाठी केली आहे, पण त्या दिवशी ती मला लागली.

दांडा वाढत गेला. चिमीनं एकदाही मोजपट्टी लावली नाही. महिन्याभरानं चार फुलं उमलली, चार दिशांना तोंड करून, अगदी माझ्या आईसारखी लाल. रस्त्यावरून जाणारे वर बघायला लागले. चिमीनं फोन उचलला, पाठ असलेला नंबर फिरवला आणि भाचीला म्हणाली, "फूल आलंय. तुझ्या आईला कळवायचं होतं."

भाची दुसऱ्याच दिवशी आली. चिमीनं तिला त्या जाड दांडीच्या कपात चहा दिला. भाची फुलांकडे बघत म्हणाली, "दर थंडीत आई विचारायची, मावशीचा फोन आला का म्हणून. मी म्हणायचे, तूच कर की. तर म्हणायची, ती पाणी घालत असणार, तिला नाही जमायचं ते. आणि हसायची."

"तिला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

चिमीनं पेला हातात घेतला. आईचाच आजार ताईला झाला होता, तेच मोजून पाणी, तीच रेघ. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर, भाची कामावर जायची तेव्हा तो पेला चिमीच्या हातात असायचा. ती सांगू लागली, "शेवटच्या आठवड्यात तिनं पाणी मागितलं. मी रेघेपर्यंत दिलं. तिनं परत मागितलं. मी म्हटलं, आता नाही ताई, चार वाजता. आणि नळ सोडून उभी राहिले."

भाचीनं खुर्ची जवळ ओढली.

"परत आले तर ती जागीच होती. म्हणाली, जमलं की तुला, चिमे." चिमीनं पेला खाली ठेवला. "चार वर्षं होती गं माझ्याकडे. बसनं तासाभराची वाट. मी या फुलासाठी थांबले."

माझ्यासाठी. हे मी ऐकलं आणि त्या क्षणी गळून पडावंसं वाटलं. पण फुलांना तसं करता येत नाही, ती आपल्या वेळेलाच गळतात. पुढचे बारा दिवस मी त्या खोलीत लालभडक होऊन उभा होतो, आणि ज्या बाईला यायचं होतं ती सोडून सगळी गल्ली मला बघून गेली.

माझी बुद्धी ती केवढी, कंदाएवढी. तरी एक सांगतो. कुणाकडे जायचं राहून गेलं असेल तर काही निमित्त फुलायची वाट बघू नका. रिकाम्या हातानं जा. फूल नाही आलं, एवढं सांगायलाच जा.

आता पुन्हा माझी पानं पिवळी पडली आहेत. चिमीनं मला कपाटाखाली अंधारात सरकवलंय. आज एकविसावा दिवस. सकाळी ती मशीनला तेल घालते, झारी भरते, खिडकीतल्या बाकीच्या कुंड्यांना पाणी देते. मग माझ्यापाशी येऊन थांबते. मला तहान लागली आहे, हे तिला पक्कं माहीत आहे. ती झारी खाली ठेवते. ती स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते आणि तिथेच उभी राहते.