दीड पुरुष खोल

कबर खणणारा खोटं बोलला तर कुणाला कळणार? आत जाणारा काही तक्रार करायला येत नाही. मी, वेंडेल, आमच्या गावची दफनभूमी एकतीस वर्षं सांभाळली आणि या कामात एकदाच खोटं बोललो. तेवढंच पुरलं मला.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या जानेवारीत काउंट बेनेडेक न्यूमोनियानं गेले. घोडदळाचे कर्नल, तोफांपुढे घोडा घातलेला माणूस, आणि मेला तो अंथरुणात खोकून! आमच्याकडे नवराबायकोची कबर एकच. पहिल्यासाठी दीड पुरुष खोल खणायचं, म्हणजे दुसऱ्याची पेटी त्याच्यावर बसते. दगडावर नावंही दोघांची तेव्हाच कोरायची, मागे राहिलेल्याचं वर्ष तेवढं कोरं ठेवायचं. काउंटच्या पत्नी ओटीलियाबाईसाहेबांचं नाव असंच कोरलं गेलं.

पण जमीन गोठलेली. टिकाव मारला की ठण्णकन उलटा यायचा. त्यात तोफा नदीपलीकडे येऊन ठेपल्या आणि माझा जोडीदार फावडं टाकून पळाला. छातीइतकं खणलं आणि मी हात टेकले. कबरीला आतून पाइनच्या फांद्या लावायची आमची रीत. मी तळाला ढीगच अंथरला. खोली कुणाला दिसलीच नाही.

"खोल आहे ना रे?" बाईसाहेबांनी विचारलं.

"दीड पुरुष, बाईसाहेब."

नंतर कम्युनिस्टांचं राज्य आलं, जहागीर गेली, पदव्या गेल्या. एक्कावन्न साली बाईसाहेबांना पोलिसांनी घरातून उचललं आणि लांब कुठेतरी परक्याच्या मेंढवाड्यात नेऊन टाकलं. दोन वर्षांनी परतल्या त्या एक बोचकं घेऊन. पाद्रीबाबांनी धुण्याची खोली दिली राहायला. दर शनिवारी येऊन कबरीवरचं गवत उपटायच्या आणि हसायच्या.

"वेंडेल, वाडा गेला, घोडे गेले, चमचेसुद्धा नेले मेल्यांनी. पण ही खोली माझ्या नावावर आहे. इथून कोण हाकलतंय मला?"

तिथे दुसरी पेटी मावणार नाही, हे मला ठाऊक होतं. कबरीच्या शेजारीही जागा उरली नव्हती, लढाईतली प्रेतं दोन्ही बाजूंना पुरली होती.

"सांगून टाक की एकदाचं," माझी बायको एटा म्हणायची. "खाणार नाहीत त्या तुला."

"या शरदात पेटी गुपचूप वर काढतो आणि खोल करतो."

"तीन वर्षं हेच ऐकतेय. बुटाची नाडी मी बांधून देते तुझी, आणि म्हणे पेटी काढतो!"

सत्तावन्नच्या मार्चमध्ये बाईसाहेब अंथरुणाला खिळल्या. मी कोंबडीचं सूप घेऊन गेलो. दोन चमचे घेतले आणि माझा हात धरला.

"बारा वर्षं सगळ्यांनी फसवलं रे मला. तू एकटा खरा निघालास. आता बेनेडेककडे जाते, भीती नाही वाटत."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नालायक, मान हलवली आणि वाटी धुवायला उठलो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

कबर उघडायला पंचायतीचा सेक्रेटरी डेझ्यो स्वतः हजर. थोडंसं खणलं आणि फावडं लाकडावर आपटलं.

"हे काय? वर दुसरी पेटी ठेवली तर माती किती राहील, टीचभर?"

"चूक माझी आहे, कॉम्रेड. एक दिवस द्या. काउंटना वर काढतो, खोल करतो, दोघांना नीट ठेवतो."

"डोकं फिरलंय का तुझं? चार महिन्यांपूर्वी बंड मोडायला रस्त्यात रणगाडे होते. आज मी राजाच्या कर्नलला वर काढू? जिल्ह्याला काय सांगू, मिरवणूक काढायची होती म्हणून?"

"कसली मिरवणूक! बाईला नवऱ्यापाशी ठेवायचंय फक्त."

"कुंपणाशी जागा आहे. तिथे खण."

"मग काउंटना तिकडे हलवू. नंतर, रीतसर परवानगी काढून?"

डेझ्यो जवळ आला, आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "वेंडेलकाका, त्या कागदावर मी सही करणार नाही. माझ्यामागून येईल तोही करणार नाही. पोरंबाळं सगळ्यांनाच आहेत. विसर आता."

कुंपणाशी मी एकट्यानं खणायला घेतलं. छातीपर्यंत आलो तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "पुरे, वेंडेल." मी ऐकलं नाही. कंबर मोडली होती, रडत होतो, शिव्या घालत होतो, पण खणत राहिलो. शेवटी शिडी टाकून वर ओढलं त्यांनी मला. दीड पुरुष झालं होतं, मोजून.

बाईसाहेबांना तळाशी ठेवलं. त्यांच्यावर एका पेटीची जागा आहे, आणि तिथे कुणीही येणार नाही.