डावरा टाका

दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्याशी येऊन पुन्हा वाकलं. त्यानं ते ओठांत ओलं केलं, चिमटीत पिळलं, डोळा बारीक केला… गेलं एकदाचं. मांडीवरच्या तपकिरी उशीला मधोमध खळगा पडला होता, कोणाकोणाच्या गुडघ्यांचा. चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उशांपैकी ही शेवटची. एवढी झाली की संपलं. आणि मग चहाच्या वेळी बायकोला सांगून टाकायचं.

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागण्याआधी चर्चचे पाळक म्हणाले होते, जेवण सोडणं सोपं आहे. या वेळी एक चांगलं काम असं करा की कोणाला पत्ता लागू नये, घरच्यांनासुद्धा. तेव्हा त्याला वाटलं होतं, हे आपल्याला जमेल. मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. बायकोचं तसं नव्हतं. ती पहाटे स्वयंपाकघरात डोळे मिटून बसायची आणि उठायची तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. त्यानंही बसून पाहिलं होतं, पण आमेनच्या आधी गिऱ्हाइकांची मापं यायची – छाती, बाही, खांदा… मग निदान सुई तरी. दुपारी चर्च रिकामं असे. एक उशी पिशवीत घालून आणायची, दुकानात शिवायची, नेऊन ठेवायची. सुरुवातीला त्यात केवढी गोडी होती! आपण आणि देव, तिसरं कोणी नाही.

आणि काल उपासनेनंतर पाळकांनी उशांसाठी सगळ्यांदेखत आभार मानले ते चर्चच्या राखणदाराचे. माना वळल्या. राखणदार डोकं खाजवत उभा राहिला – आणि हसला. नाही म्हणाला नाही! याच्या पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नव्हतं. देवानं पाहिलं, ते पुरेसं नाही का रे? नाही. खरं सांगायचं तर नाही. मला तिनं पाहायला हवं आहे… नवरा म्हणजे प्रार्थनेत नुसता दगड, असं जिला वाटत असणार, तिनं एकदा तरी म्हणावं, अहो, तुम्ही?

उसवायला म्हणून त्यानं उशी उलटी केली, आणि कात्री तशीच राहिली.

शिवणीवर एक जुनी दुरुस्ती होती. दोरा कापडाइतकाच विटलेला, म्हणजे कैक वर्षांपूर्वीची. पण टाके उलट्या बाजूला कललेले. डावऱ्या हाताचे. असा टाका घालणारा एकच हात त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला होता. नवं लग्न झालं तेव्हा तो बायकोचा हात सुधारायला गेला होता, तर ती म्हणाली होती, "तुम्ही उजवीकडून जा, मी डावीकडून येते. कापड एकच आहे ना?"

कधी केलं हिनं हे? कोणाला न सांगता… आणि आधीच्या उशा? त्या त्यानं घाईघाईनं उसवल्या होत्या, जुने दोरे न पाहताच केरात टाकले होते. कोणाचे होते ते?

"अहो, चहा."

त्यानं उशीवर गिऱ्हाइकाचा कोट ओढला. ती कप ठेवून स्टुलावर बसली. कोटाखालचा फुगवटा तिच्या समोरच होता. ती रस्त्याकडे बघत राहिली.

"काल राखणदाराचं काय कौतुक!" तो म्हणाला. आवाज हवा तसा निघाला नाही.

"त्याचं?" ती हसली. "त्याला साधी गुंडी लावता येत नाही. सदरा घेऊन माझ्याकडेच येतो."

"मग… कोणी शिवल्या असतील?"

"ज्यानं शिवल्या त्याला ठाऊक. आपल्याला काय करायचंय?" मग थांबून, कपाकडे बघत, "पण काम सुबक हो. हात बसलेला आहे."

घशाशी वाक्य आलं होतं – अगं, तो मीच… पण त्याच्या शेपटीला आता दुसरं वाक्य बांधलेलं होतं, आणि आधी तू. पहिलं त्याचं स्वतःचं होतं, उधळलं तरी चाललं असतं. दुसरं तिचं होतं. इतकी वर्षं जपलेलं.

"काही म्हणत होतात?"

"साखर बरोबर पडली आहे."

"इश्श! एवढंच?" ती कप घेऊन आत गेली.

कोट बाजूला करून त्यानं उशी मांडीवर घेतली. तिचे टाके उसवले नाहीत. ते जिथं संपत होते तिथून, पुढच्या फाटक्या जागी, स्वतःचे घालू लागला. पोटातली कालची आग चाचपून पाहिली – होती, थोडी होती. पण त्या आगीकडे लक्ष ठरत नव्हतं. मी शिवलेल्या सदऱ्याची कॉलर कधी उसवत नाही, असं तो गिऱ्हाइकांना आजवर छातीठोकपणे सांगत आला होता… सुई थांबली. डावा हात आपोआप मानेशी गेला. कॉलरच्या आतल्या बाजूला बोटांना त्यानं कधी न घातलेल्या बारीक, गच्च टाक्यांची ओळ लागली. कोणत्या बाजूला कललेली, ते सदरा काढल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यानं सदरा काढला नाही. बोटं मात्र बराच वेळ तिथंच राहिली.