मोन्सचं विरजण

"बरणी वर आणलीस का?" मोन्सने तिसऱ्यांदा विचारले.

गुन्वोर त्याच्या पाठीशी दुसरी उशी सारत होती. "आणते. आधी घोटभर पाणी घे."

"पाणी राहू दे. तळघरातली गार बरणी एकदम वापरायची नसते. एक दिवस खोलीत ठेवावी लागते. किती वेळा सांगायचं?"

"माहीत आहे मला."

"तुला काय माहीत आहे? चौतीस वर्षं नुसती पिंपं तर घासलीस." एवढे बोलण्यानेच त्याला धाप लागली आणि त्याने डोळे मिटले.

गुन्वोर खाली तळघरात गेली. दिवा लावला, कपडे धुण्याच्या मशीनवर हात टेकून पाच मिनिटे नुसती उभी राहिली आणि पुन्हा वर आली. आणायला बरणी होतीच कुठे?

ऑगस्टमध्ये मोन्सला इस्पितळात हलवले, तेव्हा ती पंधरा दिवस घर आणि इस्पितळ अशी फेऱ्या मारत होती. सकाळी शाळेची बस चालवायची, दुपारी शहर गाठायचे. त्या धावपळीत तळघरातला फ्रिज कधी बंद पडला हे तिला कळलेच नाही. एका शनिवारी दार उघडले तर कुबट वासाचा भपकारा आला. मटण, मासे, दूध, सगळे नासलेले. तिने नाक दाबून एकेक डबा रिकामा केला. एका बरणीत करडा, आंबूस गाळ होता. तोही मोरीत ओतला, वर उकळते पाणी ओतले, बरणी घासून पालथी घातली. बरणीच्या बुडावर मोन्सच्या आईचे नाव कोरलेले दिसले, तेव्हा आपण काय ओतले ते तिला उमगले.

ते मोन्सच्या घराण्याचे विरजण होते. दहीदुधाचे नव्हे, बिअरचे. दर नाताळला बिअर आंबली की तळाचा गाळ बरणीत भरायचा, तोच पुढच्या वर्षी वापरायचा. मोन्सच्या पणजोबांपासून असे चालत आले होते. त्या बिअरला संत्र्याच्या सालीसारखा वास यायचा. जुने लोक थोडे विरजण वाळवूनही ठेवत, पण मोन्सने ते कधीच सोडून दिले होते. बरणी आहे ना, मग झाले, असे तो म्हणायचा. नाताळच्या बिअरचे शेवटचे पिंप ईस्टरला संपले होते, त्यातही गाळ उरला नव्हता. गुन्वोरने त्या शनिवारी घासलेल्या बरणीत कोमट साखरपाणी घालून तीन दिवस वाट पाहिली. बिअर ढवळायचा मोन्सचा लाकडी डावसुद्धा, त्याच्या चिरांत थोडे विरजण उरले असेल म्हणून, भिजत घालून पाहिला. एक बुडबुडा आला नाही.

आणि आता ऑक्टोबर संपत आला होता. घरी येणाऱ्या नर्सने स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले होते, "दोन आठवडे. फार तर तीन." भिंतीपलीकडे मोन्सने ते ऐकले आणि नर्स गेल्यावर जाहीर केले, "माझ्या मर्तिकाला आलेल्यांना मी कॉफी-केकवर परत पाठवणार नाही. आजोबांनी पाठवलं नाही, बानं पाठवलं नाही. बिअर घाल. आणि लोकांच्या आधी मी चाखणार."

खोऱ्यात हा रिवाज आता कुणी पाळत नव्हते. पण आजवर मोन्सने तिच्याकडे दुसरे काही मागितलेही नव्हते.

खरे सांगून टाकावे, असे रोज सकाळी तिच्या मनात यायचे. त्याच्या उघड्या पडलेल्या गालफडांकडे पाहिले की ती उशी सारखी करून खोलीबाहेर यायची.

तिने शहरातल्या दुकानातून यीस्टची, म्हणजे तयार विरजणाची, दोन पाकिटे आणली आणि मशीनमागे दोन बादल्यांत चोरून बिअर घातली. एकीला पावाचा वास आला, दुसरीला लवंगेचा. वाटीतून चाखायची, चूळ भरायची, पुन्हा चाखायची. अशात एक आठवडा गेला. मोन्सने घन खाणे सोडले. ज्या रात्री तिने दुसरी बादली मोरीत रिकामी केली, त्या रात्री ती तिथेच फरशीवर बसून तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून रडली. वर आवाज जायला नको होता.

सकाळी ती स्टिर्ककडे गेली.

स्टिर्क लाकडे फोडत होता. पलीकडच्या टेकाडावर त्याचे घर, पण वीस वर्षांत दोन्ही घरांत जाणे-येणे नव्हते. त्याने तिला बघून कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"मोन्स गेला का?"

"नाही. स्टिर्क, मला विरजण हवंय. आमचं गेलं. मीच घालवलं."

स्टिर्कने हातांवरचा भुसा झटकला. "मी रिकामी बरणी घेऊन तुमच्या दारात उभा होतो, ते आठवतं तुला?"

"आठवतं."

"माझं नासलं होतं. ज्याचं नासलं त्याला शेजाऱ्यानं द्यायचं, अशी रीत आहे या खोऱ्यात. आणि तुझा नवरा काय म्हणाला? माझं विरजण गावभर हिंडायला नाही म्हणाला."

"मी खिडकीत होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले."

"त्या दिवशी दिलं असतं त्यानं, तर आज तुला त्याचंच विरजण माझ्या घरात मिळालं असतं."

तिने मान खाली घातली आणि परत जायला वळली.

"थांब जरा," स्टिर्क मागून म्हणाला. "पाय झाडून आत ये."

त्याच्या तळघरात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. झाकण काढले तर आत यीस्टची पाकिटे, काही भरलेली, काही रिकामी, प्रत्येकावर पेन्सिलने साल टाकलेले.

"पूर्वी दर नाताळला एक नवं," तो म्हणाला. "काय करणार? एकसारखं शोधत राहिलो. हे इंग्लिश. बिअर झकास निवळते, पण पाव प्यायल्यासारखं वाटतं."

"ते झालं माझं करून."

"हे बेल्जियन. लवंग आणि केळं. बायकोला आवडायचं, मला दुसरा पेला जात नाही. हे जर्मन, सगळ्यांत गुणी, पण थंडीत सहा आठवडे मागतं."

"माझ्याकडे सहा दिवस असतील तर खूप."

स्टिर्कने डब्याच्या तळातून एक साधे पांढरे पाकीट काढले. "मग हे. आपल्याच डोंगरातल्या कुणाच्या तरी घरचं विरजण प्रयोगशाळेत वाढवलंय. कुणाच्या घरचं ते लिहिलेलं नाही. दोन दिवसांत आंबतं. संत्र्याचा वास येतो, थोडा. तुमच्यासारखा नाही, पण त्याच्याजवळ जाणारं दुसरं मला सापडलं नाही. मग शोधणं थांबवलं." त्याने तिच्या हातावर तसली दोन पाकिटे ठेवली. "वर काय तापमान छापलंय ते वाचू नकोस. काढा धारोष्ण दुधाइतका गरम असताना घाल."

"स्टिर्क, मी..."

"जा आता. लाकडं पडलीत माझी."

दुसऱ्या दिवशी तिने पहाटेच अंगणातल्या शेडमध्ये चूल पेटवली. ज्युनिपरच्या डोंगरी झुडपाच्या फांद्या तांब्याच्या हंड्यात उकळल्या, ते पाणी माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूवर, ओतले, गाळले, पुन्हा उकळले. मोन्सने पलंग खिडकीशी ओढायला लावला होता आणि तो तिथून ओरडायचा प्रयत्न करत होता. "जाळ कमी कर! करपवशील!" आवाज अंगणापर्यंत पोहोचत नव्हता, नुसते हलणारे ओठ तिला दिसत. ती मान डोलावून जाळ कमी करायची.

संध्याकाळी काढा निवला. तिने मनगट बुडवून पाहिले. गाईखालून नुकत्या काढलेल्या दुधाइतका कोमट. मग ती खिडकीशी गेली.

"घालतेय," ती म्हणाली.

"ओरडायला विसरू नकोस. विरजण घालताना ओरडलं नाही तर बिअर आळशी होते. मला ऐकू आलं पाहिजे."

चौतीस वर्षे हे ओरडणे त्याचेच होते. सगळ्या खोऱ्याला कळायचे, आज मोन्सच्या घरी बिअर घातली. गुन्वोरने शेडमध्ये खिडकीकडे पाठ करून ती पाकिटे फोडली. मातकट भुकटी काढ्यावर सांडली. मग तिने छातीभर श्वास घेतला आणि ओरडली. आधी आवाज फाटला. मग जो सुटला तो तिला आवरेना. ऑगस्टपासूनची बरणी, नर्सचे हळू बोलणे, ती फरशी, सगळे त्यातून बाहेर पडत होते. समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत येत होता, आणि ती त्याच्यावर पुन्हा ओरडत होती.

ती घरात आली. मोन्स हसत होता, हसताना खोकत होता. "एवढं नव्हतं ओरडायचं गं. पोलीस येतील आता."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कपात थोडी बिअर काढली. वास घेतला. होता, संत्र्याचा वास होता. पण चौतीस वर्षांचा नव्हता.

मोन्सला आता कपाने गिळता येत नव्हते. तिने चमच्याने त्याच्या ओठांत बिअर सोडली. त्याने ती तोंडात धरून ठेवली. खूप वेळ. जिभेवर फिरवली, नाकातून श्वास सोडला, मग गिळली. डोळे उघडून त्याने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की आणखी काही, हे तिला तेव्हाही कळले नाही, पुढेही नाही.

"मोन्स, ती बरणी..."

"उद्या बोलू," तो म्हणाला. "दमलोय."

दुसऱ्या दिवशी त्याची वाचा गेलेली होती. दिवसभर ती त्याचा हात धरून बसली, मधून मधून कानाशी वाकून तिने सगळे सांगितले, फ्रिजपासून स्टिर्कपर्यंत. त्याची बोटे हलली नाहीत. अंधार पडण्याआधी तो गेला.

मर्तिकाला गावच्या सभागृहात चाळीसेक माणसे आली. कॉफी होती, केक होता आणि मोन्सच्या आजोबांचा रंगीत लाकडी वाडगा हातोहात फिरत होता. मोन्सच्या चुलतभावाने, आस्लाकने, उभे राहून तो उंचावला.

"या माणसानं जिवंतपणी आपलं विरजण कुणाला बोटभर दिलं नाही," तो म्हणाला, "पण आज सगळ्यांना पाजलंन. मोन्सच्या विरजणासाठी!"

लोक हसले. गुन्वोर किटली घेऊन उभी होती. गप्प राहिली असती तरी चालले असते. कोपऱ्यात बसलेला स्टिर्क काही बोलणार नव्हता.

"ते मोन्सचं विरजण नाही," ती म्हणाली. "ते मी उन्हाळ्यात मोरीत ओतलं. चुकून. हे दुकानातलं पाकीट आहे. स्टिर्कनं निवडून दिलेलं."

आस्लाकने वाडग्यात पाहिले, मग तिच्याकडे, आणि वाडगा हळूच टेबलावर ठेवला.

स्टिर्क उठला. टेबलापर्यंत आला, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि थांबत थांबत पीत राहिला. मिशा पुसल्या.

"पाकीट तेच," तो तिला म्हणाला. "मी तीन वर्षं घालतोय. माझी कधी अशी झाली नाही."

त्याने रिकामा वाडगा तिच्यासमोर धरला.

गुन्वोरने किटली खाली ठेवली, वाडगा घेतला आणि ती आतल्या खोलीत पिंपाशी गेली. धार बारीक होती, भरायला वेळ लागत होता. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी खाकरले, मग हळूहळू बोलणी सुरू झाली. वाडगा काठोकाठ भरल्यावर तिने तोटी बंद केली, तो दोन्ही हातांत घेतला आणि थेंब न सांडता, एकेक पाऊल टाकत बाहेर निघाली.