एक वाकडी रेघ

मित्रांनो, मी लाहोरचा एक जुना उस्तुरलाब आहे. तळहाताएवढी पितळी चकती. मला अंगठ्याला टांगायचं आणि सूर्याची, ताऱ्यांची उंची मोजायची. माझ्या काठावर तीनशे साठ रेघा आहेत. त्यातली एक जरी चुकली, तरी आकाश चुकतं.

त्या रेघा कोरल्या गुलरुखने, उस्ताद फाजिल यांच्या एकुलत्या लेकीने. उस्तादांची नजर गेली होती. काठावरून नख फिरवून ते रेघ न् रेघ तपासायचे. "फाजिलमियाँच्या नखाला डोळे आहेत," असं गल्ली म्हणायची.

एके दिवशी नख अडकलं.

"ही रेघ वाकडी आहे, पोरी. मन आधीच सासरी पोचलं वाटतं!"

"तुमचं नखच म्हातारं झालंय, अब्बा."

"म्हातारं असलं तरी चुगली बरोबर करतं. घासून पुन्हा कोर."

"मुलतानहून पहिल्या माहेरपणाला आले की कोरते. तोवर विकू नका हं."

ती गेली ती गेलीच. पहिल्या बाळंतपणात आई आणि बाळ, दोघंही दगावली.

त्यानंतर उस्ताद रोज सकाळी मला मांडीवर घ्यायचे. बाकीच्या रेघा इतक्या सरळ, की कुणाच्याही असाव्यात. नख फिरत फिरत त्या एका रेघेवर अडकायचं. "आलीस?" असं ते हळूच म्हणायचे. किती गिऱ्हाइकं आली, पण त्यांनी मला विकलं नाही. लोकांना वाटलं, रेघ वाकडी म्हणून लाज वाटत असेल.

त्यांचा पुतण्या याकूब मनाने निर्मळ आणि हाताने तरबेज. त्यालाही तसंच वाटलं. चाचा तापाने पडले, तेव्हा दोन दिवस खपून त्याने ती रेघ घासली आणि नवी कोरली. मी ओरडू शकलो नाही.

"चाचा, बघा तरी! आता एकही चूक नाही."

नख काठावरून फिरलं. पुन्हा फिरलं. तिसऱ्या फेरीलाही ते कुठेच अडकलं नाही.

"शाबास, बेटा," उस्ताद म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. आता वीक याला."

आज मी संग्रहालयात काचेआड आहे. लोक माझ्या कारागिरीची वाहवा करतात. मित्रांनो, जुनं काही दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझ्यावर गुलरुखचं नाव कुठेच नाही. एक वाकडी रेघ होती, तीही आता सरळ आहे.